हातातलं पिवळं कार्ड

माझ्या कामाचं पान तू इंटरनेटवर चढवलंस आणि त्याची लिंक घरातल्या सगळ्यांना पाठवलीस, त्याला आता दीड महिना झाला. तुझ्या धाकट्या भावानं लगेच टाळ्यांची चित्रं पाठवली. तुमच्या बाबांनी ती लिंक यवतमाळातल्या जुन्या ओळखीच्यांनाही पाठवून दिली. मी मात्र तुला नुसतं "पाहिलं" एवढंच कळवलं. तू विचारलंस, "आजी, आवडलं नाही का?"

त्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. जरा लांबलं आहे. तुम्हा दोघांना मराठी सावकाश वाचावं लागतं हे मला ठाऊक आहे, म्हणून सोपं लिहिते. पण इंग्रजीत लिहिणार नाही. इंग्रजीत मला स्वतःची बाजू फार चांगली मांडता येते.

पानाच्या अगदी वर तू एक पोस्टर लावलं आहेस. चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत, तिच्यासमोर गडद हिरव्या ओढणीतली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. ती सरळ आपल्याकडे बघते आहे. हातात पिवळं कार्ड. वर मोठ्या अक्षरांत, "लग्नाआधी रक्त तपासा" आणि त्याच्याखाली लहान अक्षरांत, "दोघांचंही". खाली तू लिहिलं आहेस : आजीचं सर्वांत गाजलेलं काम.

ते गाजलं हे खरं आहे. म्हणूनच हे लिहायला बसले.

मी मुंबईला डिझाइन शिकले. माझ्यासोबतचे सगळे जाहिरात कंपन्यांत गेले. मी लग्न करून यवतमाळला आले आणि इथं एका आरोग्य संस्थेत लागले, ती निवृत्त होईपर्यंत. औषधाच्या पाकिटांवरची चित्रं, दवाखान्यातल्या पाट्या, आशाताईंनी घरोघरी दाखवायचे तक्ते, असं माझं काम. तुमचे आजोबा म्हणायचे, "तुझं प्रदर्शन रोज भरतं, फक्त बघायला येणाऱ्याला ताप असतो."

सुरुवातीच्या एका पोस्टरवर मी मुंबईहून मागवलेला एका मॉडेलचा फोटो वापरला होता. ते घेऊन झरी जामणीकडच्या एका गावात गेले. बायकांपुढे धरलं. एक म्हातारी पुढं येऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही बाई कोन्या वावरात जाते जी? हिचे पाय त पाहा. हिले कायची बिमारी होते!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन वहीत लिहून ठेवलं : चेहरा इथलाच हवा. पुढं हा माझा नियमच झाला. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना मी तो पहिल्या दिवशी सांगायची.

आता त्या पोस्टरचा विषय. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तो जन्मतःच येतो. आपल्या भागात तो बऱ्याच घरांत आहे. ज्याला आजार असतो त्याचे सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं. काहींना आजार नसतो, फक्त तो पुढच्या पिढीकडे नेण्याचा अंश रक्तात असतो. त्यांना वाहक म्हणतात. वाहक माणूस धडधाकट असतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलाला आजार होण्याची भीती असते. म्हणून लग्नाआधी तपासायचं. आमच्या संस्थेनं तपासलेल्या प्रत्येकाला कार्ड द्यायचं ठरवलं. आजार असेल तर लाल, वाहक असेल तर पिवळं, काहीच नसेल तर पांढरं. रंग मीच ठरवले होते. वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळावं, हा विचार.

बाभुळगावच्या पुढच्या एका गावात तपासणीचं शिबिर होतं. बौद्ध वस्तीतल्या विहारात, रविवारी, कारण रविवारी सकाळी वंदनेला सगळे तिथं येतच असत. वंदना झाली, सतरंज्या तशाच राहिल्या, त्यावर आमची टेबलं मांडली. लोकांनी आधीच्या आठवड्यात रक्त दिलं होतं. त्या दिवशी कार्डं वाटायची होती. मी कॅमेरा घेऊन गेले होते, चेहरा शोधायला.

ती मुलगी रांगेत नव्हती. ती नावं पुकारायला मदत करत होती. बारावी झालेली, आवाज खणखणीत. कुणी आलं नाही की दारात जाऊन ओरडायची, "ओ मामा, तुमचं रक्त वाट पाहून राह्यलं!" तिचं कार्ड तिला सगळ्यांत आधी मिळालं होतं. पांढरं. ते तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतं.

मी तिला बाहेर विहाराच्या भिंतीशी उभं केलं. ऊन छान पडलं होतं. भिंत पांढरी, ओढणी हिरवी, चेहरा असा की बघणारा थांबेल. मी तिला कार्ड हातात धरायला सांगितलं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर कार्ड दिसेना. पांढऱ्या भिंतीवर पांढरं कार्ड. हात रिकामा असल्यासारखा वाटत होता.

मी आत गेले, टेबलावरच्या कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यांतून एक पिवळं कार्ड उचललं आणि तिच्या हातात दिलं. हिरव्यावर पिवळं. चौकट एकदम जिवंत झाली.

ती कार्डाकडे बघून म्हणाली, "मॅडम, हे माह्यं नाही. माह्यं पांढरं हाय."

"फोटोपुरतं धर गं. फोटोत पांढरं दिसत नाही."

"पन लोकायले काय वाटन?"

"काय वाटेल? तुझं नाव थोडंच छापणार आहोत आम्ही."

तिनं धरलं. मी सहा फोटो काढले. पोस्टरवर आहे तो चौथा. त्यात ती जशी बघते आहे त्याला सगळ्यांनी पुढं "आत्मविश्वास" म्हटलं. एका मासिकात तसं छापूनही आलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिनं विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तिला मिळालं नव्हतं, एवढंच त्या नजरेत आहे. मला तेव्हाही ते कळलं होतं.

तिचे वडील गवंडी होते. ते आले, मी त्यांच्यापुढं संमतीचा कागद ठेवला. कागद इंग्रजीत होता, कारण त्याचा नमुना मी माझ्या कॉलेजातून आणलेला होता आणि मराठीत करायचं राहून गेलं होतं. मी तोंडी सांगितलं, "फोटो छापायला परवानगी हवी." त्यांनी हात धोतराला पुसले आणि मराठीत ठसठशीत सही केली. "छापा न जी मॅडम," ते म्हणाले. "आमची पोट्टी बारावी पास हाय. गावात पह्यली." त्यांनी विचारलं असतं तर मी कार्डाचं सांगितलं असतं, असं मी पुढं स्वतःला अनेकदा सांगितलं. त्यांनी विचारलं नाही. आणि तिनं विचारलं होतं.

पोस्टर जिल्हाभर लागलं. दवाखान्यांत, बसस्टँडवर, ग्रामपंचायतीत, शाळांच्या व्हरांड्यात. तपासणीला येणारे वाढले. दिल्लीला त्याला बक्षीस मिळालं. ते स्मृतिचिन्ह तुमच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर आहे, तुम्ही लहानपणी त्याच्यावर गाड्या चालवायचात. मी तिथं भाषण केलं. म्हणाले, आता आमच्याकडे गुराख्यालासुद्धा पिवळ्या कार्डाचा अर्थ कळतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साधारण दोन वर्षांनी पोस्टरची नवी आवृत्ती काढायची होती. मी कोणतंही पोस्टर नव्यानं छापण्याआधी दहा-बारा माणसांना दाखवायची आणि ठरलेले प्रश्न विचारायची : चित्रात कोण आहे? तिच्या हातात काय आहे? त्याचा अर्थ काय? उत्तर बरोबर आलं की तक्त्यात खूण करायची. दारव्ह्याकडच्या एका गावात मी एका बाईला विचारत होते. पन्नाशीची, घरची शेती असलेली, बोलायला मोकळी.

"चित्रात कोण आहे?"

"पोरगी हाय. बाभुळगावकडची हाय ती."

"हातात काय आहे?"

"पिवळं कारड."

"त्याचा अर्थ काय?"

"म्हंजे तिच्या रक्तात दोष हाय." मग ती जवळ सरकली आणि आवाज खाली करून म्हणाली, "आमच्या शेजारच्या घरच्या पोराले सांगून आलती हे. पोरगी बेस, शिकलेली. पोराच्या मायनं दवाखान्यात हे पाह्यलं न घरी येऊन म्हने, हे त पोस्टरवाली! नोको बाप्पा. मोडलं तेथंच."

माझ्या हातात पेन होतं. पहिल्या प्रश्नापुढं खूण केली. दुसऱ्यापुढं केली. तिसऱ्यापुढंही केली, कारण उत्तर बरोबर होतं. तक्त्याच्या भाषेत तिला निरोप पोचला होता.

तो तक्ता माझ्याकडे आहे. सगळे आहेत, माझ्या फायलींना तुम्ही हसता ते हसा. त्या तिसऱ्या खुणेची रेघ बाकीच्या खुणांसारखीच सरळ आहे. मी पुढच्या बाईकडे गेले आणि तिलाही तेच तीन प्रश्न विचारले.

संध्याकाळच्या एसटीत मी काय विचार केला तेही मला आठवतं. आधी वाटलं, बाईची चूक होत असेल, दुसरी कुणी मुलगी असेल. मग वाटलं, पिवळं कार्ड म्हणजे दोष नव्हेच, आपण तसं कुठं लिहिलं आहे? आपण "दोघांचंही" लिहिलं आहे. पण ते लहान अक्षरांत लिहिलं होतं, आणि ते लहान अक्षरांत का, हेही मलाच माहीत होतं. चेहऱ्याला जागा हवी होती. म्हणजे खरोखरच पिवळं कार्ड असलेल्या कितीतरी मुलींचंही मी काय करून ठेवलं होतं, हा विचार यवतमाळ येईपर्यंत मागून आला आणि तो आजवर गेलेला नाही.

मी काय केलं? नव्या आवृत्तीत फोटो काढून टाकला आणि रेखाचित्र घातलं. "दोघांचंही" मोठं केलं. बैठकीत कारण दिलं की रेखाचित्र स्वस्तात छापता येतं. सगळ्यांना पटलं. जुनी पोस्टरं उतरवायला मी कुणाला सांगितलं नाही, कारण का उतरवायची हे सांगावं लागलं असतं. त्या गावाला पुन्हा गेले नाही. बाभुळगाववरून जावं लागायचं, तेव्हा वाकडी वाट करून जायची. हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं.

तू पान चढवलंस तेव्हा ती मुलगी परत माझ्यासमोर आली, आणि या वेळी तिला जगातून कुणीही पाहू शकत होतं. मी तुला तेव्हाच फोन करून "काढ ते" म्हणू शकले असते. तू काही न विचारता काढलंही असतंस. पण ते परत तेच झालं असतं, गुपचूप रेखाचित्र घालण्यासारखं. मग मी फाइल काढली, त्यातला सहीचा कागद घेतला, आणि एका सकाळी बाभुळगावची बस धरली. पुढं ऑटो.

विहाराला आता फरशी बसली आहे, भिंत फिकट निळी आहे. तिथंच विचारलं. कळलं की ती मुलगी, म्हणजे आता पन्नाशीला आलेली बाई, माहेरच्याच गावात राहते. नवरा पिठाची चक्की चालवतो, चक्कीला लागूनच घर. मी गेले तेव्हा ती गिऱ्हाइकाचं पीठ तोलत होती, पापण्यांवर पीठ. तिनं मला लगेच ओळखलं.

"या मॅडम," ती म्हणाली. तराजू खाली ठेवून, "लय वर्षांनी रस्ता सापडला."

नवऱ्याला चक्कीवर बसवून तिनं मला आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी वाटेत वाक्यं जुळवत आले होते. ती बोलता आली नाहीत. मी नुसतं म्हटलं, "तुझ्या हातात कार्ड मी चुकीचं दिलं."

"चुकून नोतं देलं," ती म्हणाली. "तुमाले मालूम होतं."

मी हो म्हटलं.

मग तिनं सांगितलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. पहिलं स्थळ आलं ते मोडलं, कारण कळलं नाही. दुसरं मोडलं तेव्हा पाहुण्यांतल्या एका माणसानं सांगून टाकलं. तेव्हा वडिलांनी तिचं पांढरं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. पाहुणे चहाला बसले की आधी ते कार्ड पुढं करायचे.

"न लोक काय म्हनत माहीत हाय का? म्हनत, कारड काय, बदलून बी मिळते. पोस्टर त दवाखान्यात लागलेलं हाय, ते खोटं कसं राहीन?" ती हसली. "बाबाचं डोस्कं खराब झालतं. म्हनत, पोरीचा फोटो मीच छापाले लावला."

"त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं."

"हाव न. मी सांगतलं होतं बाबाले, का मॅडमनं दुसरं कारड देलं. तवा म्हने, मॅडम शिकलेली हाय, काही इचार करूनच देलं असन."

माझ्या पिशवीत त्यांच्या सहीचा कागद होता. तो बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही. ते वारून आता बरीच वर्षं झाली.

तिचं लग्न तिसाव्या वर्षाच्या आसपास झालं. नवरा नात्यातलाच, लांबच्या आत्याचा मुलगा. त्यानं म्हटलं होतं, "मी लहानपनापासून वयखतो तुले, मले पोस्टर कायले पाहा लागते!" हे सांगताना तिचा चेहरा उजळला. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "काय हसून राह्यले?" ती म्हणाली, "तुमची तारीफ चालू हाय, दळन जाळू नोका!"

माझ्या मनावरचं ओझं जरा उतरलं, हे कबूल करते. मला वाटलं, संपलं, शेवट बरा झाला. तेवढ्यात तिनं आपला फोन काढून माझ्यापुढं धरला. त्यावर ते पोस्टर होतं. तू पानावर लावलेलं, तुझी ओळ खाली तशीच.

"आठ दिवस झाले, आमच्या ग्रुपवर आला हा. कोनं टाकला काय मालूम. माह्यी पोरगी हाय एक. यवतमाळले नर्सिंग शिकते. डिट्टो अशीच दिसते, हिरवी ओढनी सोडून. तिले फुलसावंगीहून पाहाले येऊन राह्यले, येत्या रविवारी. पोरगं चांगलं हाय, पोरीले बी पसंत हाय. आन त्या पोराच्या मायनं फोन केला काल, म्हने तुमचा फोटो पाह्यला."

मी म्हटलं, "मी आत्ताच्या आत्ता नातीला सांगते. काढून टाकेल ती."

"काढून काय होते?" ती म्हणाली. "ते त फिरून राह्यलं. दवाखान्यातला कागद मी सोता फाडला होता एक, तुमाले खोटं कायले सांगू. फोनातला कसा फाडू? काढसान त लोक म्हनतीन, पाहा, खरं होतं म्हून काढलं."

"मग मी काय करू?"

तिला उत्तर आधीच माहीत असावं. "पांढरं करा," ती म्हणाली. "न खाली लिहा, का कारड कोनं देलं. आन रविवारी तुमी इथं या. बाबा कारड दाखोत, कोनी मानत नव्हतं. तुमी सांगसान त मानतीन."

घरी येऊन मी ती जुनी निगेटिव्ह स्कॅन करून घेतली आणि संगणकावर बसले. पिवळा रंग काढला, पांढरा केला. कार्ड लगेच भिंतीत हरवलं, त्या दिवशी कॅमेऱ्यात हरवलं होतं तसं. मग मी कार्डाच्या कडेनं बारीक काळी रेघ ओढली. बस. कार्ड दिसायला लागलं. लांबून, चष्मा काढूनही.

यात पाच मिनिटंही गेली नाहीत. ही रेघ मला तेव्हाही ओढता आली असती. तेव्हा संगणक नव्हता पण छपाईच्या फिल्मवर मी रोज असल्या रेघा हातानं ओढायची. मला ते सुचलं नाही, असंसुद्धा नाही. पिवळं जास्त चांगलं दिसत होतं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा आणि एक काका. मुलीनं चहा आणला. खरंच, ती चौकटीतून उतरून आल्यासारखी दिसत होती, मला तिच्याकडे नीट बघवेना. बोलणं पाऊस, सोयाबीन, रस्ता असं फिरत राहिलं. मग तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नवा छापलेला कागद बाहेर काढला, जुनाही ठेवला, आणि सांगितलं. हे पोस्टर मी केलं. हिचं कार्ड पांढरं होतं. पिवळं मी हातात दिलं, ती नको म्हणत असताना. वडिलांना न सांगता. पिवळं असतं तरी ती कमी ठरली नसती, पण पिवळं नव्हतंच.

मी दोन्ही कागद मुलाच्या आईपुढं सरकवले. पलीकडे चक्की बंद होती त्या दिवशी.

मुलाची आई दोन्ही कागद मांडीवर घेऊन बघत होती. तिनं मला विचारलं, "मंग एवढे वर्ष तुमी काहून नाही सांगतलं?"

रागानं नाही विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. मी सांगितलं, "लाज वाटत होती. आणि बक्षीस मिळालं होतं."

"कोनाले?" तिनं विचारलं.

"मला."

तिनं मान हलवली. मामा खाकरले आणि म्हणाले, "ते झालं. आता या पोरीचं न आपल्या पोराचं, दोघायचंही तपासून घेऊ. मंग पाहू." मुलगी दारातूनच म्हणाली, "माझं कॉलेजात तपासलेलं आहे. त्यांचंच राहिलंय." त्यावर मुलगा लाजला आणि सगळे हसले, मी सोडून.

तपासणीचं काय झालं, जमलं की नाही, हे लिहिताना मला अजून माहीत नाही. रिपोर्ट यायचा आहे. मी रोज विचारत नाही. तो हक्क माझा नाही.

पाहुणे गेल्यावर मी निघाले. सहीचा तो इंग्रजी कागद तिला दिला, त्यात काय लिहिलं आहे ते मराठीत वाचून दाखवलं. ती सहीवरून बोट फिरवत बसली. "बाबाचं अक्षर बेस होतं," एवढंच म्हणाली. मी माफी मागितली. तिनं "ठीक हाय" म्हटलं नाही, आणि म्हणावं असं मला वाटतही नाही.

मग तिनं नवा कागद उचलला, दाराशी उजेडात नेला, हात लांब करून धरला. मी सवयीनं, गेल्या चाळीस वर्षांच्या सवयीनं, विचारून बसले, "हातात काय दिसतंय?"

"दिसते न जी मॅडम," ती म्हणाली. "पांढरं बी दिसते."

तर आता तू असं कर. सोबत पाठवलेला नवा फोटो जुन्याच्या जागी लाव, पहिल्याच पानावर, खाली कुठं नको. "सर्वांत गाजलेलं काम" ही ओळ काढ. त्या जागी लिही : या मुलीचं कार्ड पांढरं होतं. आधीच्या पोस्टरमधलं पिवळं कार्ड डिझायनरनं तिच्या हातात दिलं, तिनं विचारलं असतानाही. माझं नाव त्याखाली असू दे. अक्षरं लहान ठेवू नकोस.